रबराखालचा स्पंज : किती जाड घ्यावा?

टेबल टेनिसचं रबर घ्यायला गेलात की दुकानदार तीन गोष्टी विचारतो. बजेट किती, रबर कुठलं आणि स्पंज किती एम.एम.चा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे देतात. तिसऱ्याला बहुतेक जण "चांगला असेल तो द्या" असं म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी मीही तेच केलं, आणि तेही स्वतःसाठी नाही, दुसऱ्या मुलीसाठी. त्यामुळे हा लेख म्हणजे थोडा अभ्यास आहे आणि थोडी कबुली.

मी पुण्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेत टेबल टेनिसचे सर होते, चार वर्षं रीतसर कोचिंग झालं. इथे जुन्नर तालुक्यात शिकायला आले तेव्हा जिमखान्यातलं एकुलतं एक टेबल बघून नाक मुरडलं होतं, हे खरं आहे. पण त्याच टेबलावर पहिल्याच आठवड्यात माझ्या रूममेटने मला सरळ तीन गेममध्ये हरवलं. ती आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाच्या बाजूचं गाव. तिच्या शाळेच्या पटांगणात सिमेंटचा एक कट्टा होता, मध्ये विटा उभ्या लावल्या की झालं नेट. बॅट म्हणजे सुताराने कापून दिलेली प्लायवूडची फळी. त्याला रबर नाही, स्पंज नाही, काही नाही. त्या फळीवर ती सहा वर्षं खेळली आणि तिचा ब्लॉक इतका पक्का झाला की तुम्ही कितीही जोरात मारा, चेंडू तुमच्याच टेबलावर परत येणार.

मुलींच्या टीममध्ये ती एक नंबरला. फक्त बॅट रेडिमेड, दोनशे रुपयांची, रबर गुळगुळीत झालेलं. जिमखान्याने नव्या रबरांचे अर्धे पैसे द्यायचं कबूल केलं. उरलेले तिने सुट्टीत टोमॅटोच्या तोडणीला जाऊन मिळवलेल्या पैशांतून घातले. निवड माझ्यावर सोपवली, कारण मी "पुण्याची, कोचिंग झालेली". मी दोन्ही बाजूंना मॅक्स स्पंज, २.२ एम.एम., असं सांगून मोकळी झाले. चांगल्या खेळाडूला सगळ्यात जाड स्पंज, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत निर्णायक सामना तिचाच होता. पाचव्या गेममध्ये ९-११. हरण्याबद्दल काही नाही, पण ती कशी हरली ते मी बाकावर बसून बघत होते. तिचे ब्लॉक, जे कधी चुकत नव्हते, ते एकामागून एक टेबलाच्या बाहेर लांब जात होते. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बॅट माझं ऐकतच नाही गं." त्यानंतर मी हा विषय हातात घेतला, जो आधी घ्यायला हवा होता.

आता मुळापासून. आपण ज्याला सर्रास "रबर" म्हणतो त्यात खरं तर दोन थर असतात. वरचा पातळ रबरी थर, ज्याच्या एका बाजूला बारीक बारीक दाणे असतात, आणि त्याखाली स्पंज. दाणे आत, स्पंजकडे वळवून चिकटवले की वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो. आपल्यापैकी नव्वद टक्के लोक हेच वापरतात. दाणे बाहेर ठेवले की ते "पिंपल". हे सगळं लाकडाच्या ब्लेडवर चिकटवायचं. नियम असा आहे की दाणे, स्पंज आणि चिकटवायचा गोंद धरून एका बाजूची एकूण जाडी ४.० एम.एम.च्या वर जाता कामा नये. स्पंज नसेल, नुसतं बाहेर दाण्यांचं रबर असेल, तर मर्यादा २.० एम.एम. वरचा थर साधारण पावणेदोन एम.एम. घेतो, म्हणून स्पंजसाठी उरतात सव्वादोनच्या आसपास. पाकिटावर "मॅक्स" लिहिलेलं असतं ते याच अर्थाने. त्याच्या खाली २.० किंवा २.१, मग १.८ किंवा १.९, मग १.५, आणि बचावाने खेळणाऱ्यांसाठी त्याहूनही पातळ.

हे चार एम.एम. कुठून आले? याचं उत्तर शोधताना मी चक्क मुंबईत जाऊन पोचले. फेब्रुवारी १९५२ मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती. आशिया खंडातली ती पहिलीच. जपान पहिल्यांदाच आला होता, आणि त्यांच्यात हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला, फारसा कोणाला माहीत नसलेला खेळाडू होता. तोपर्यंत सगळं जग बाहेर दाणे असलेल्या, स्पंज नसलेल्या रबराने खेळायचं. चेंडू लागला की टक् असा आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून समोरच्याला कळायचं की फटका किती जोराचा आहे. सातोच्या बॅटवर जाड स्पंज होता, नुसता स्पंज, वर रबरसुद्धा नाही. त्याचा आवाजच यायचा नाही. चेंडू आत रुतायचा आणि गलोलीतून सुटावा तसा बाहेर पडायचा. अमेरिकेचा नावाजलेला मार्टी राइझमन त्याच्याकडून हरला, फायनलमध्ये हंगेरीचा योझेफ कोचियान हरला, आणि सातो जगज्जेता झाला. जपानने त्या स्पर्धेतली सातपैकी चार विजेतेपदं नेली.

पुढे दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, लंडनला जपानच्याच इचिरो ओगिमुराने स्पंजवर जगज्जेतेपद मिळवलं. मग सगळेच स्पंजच्या मागे लागले, कोणी किती जाड लावावा याला धरबंध राहिला नाही, आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला : नुसता स्पंज बंद, वर रबर हवंच, आणि एकूण जाडी ४ एम.एम.पर्यंतच. म्हणजे आज आपण पाकिटावर जो आकडा वाचतो त्याची सुरुवात मुंबईत झाली. ही गोष्ट मी रूममेटला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सातोच्या समोरचे सगळे माझ्यासारखे, फळीवाले." मला हसू आलं नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, फर्स्ट इयरचं आहे. (कॉन्व्हेंटमुळे मला "स्थितिस्थापकता" हा शब्द माहीत नव्हता. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या रूममेटने सांगितला. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घही तिनेच तपासले आहेत, राहिलेल्या चुका माझ्या.)

स्पंज म्हणजे एक स्प्रिंग असं धरा. चेंडू बॅटला चिकटून राहतो तो वेळ साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. चेंडू स्प्रिंगवर आपटून परत जातो तेव्हा ते अर्धं आंदोलन असतं, आणि त्यावरून एक सोपं सूत्र निघतं : स्प्रिंग जास्तीत जास्त जेवढी दबते ते अंतर = आपटण्याचा वेग × स्पर्शाचा वेळ ÷ पाय. यात चेंडूचं वजन लागतच नाही. वेग म्हणजे चेंडू आणि बॅट एकमेकांकडे येण्याचा एकत्रित वेग, आणि तोही बॅटला सरळ काटकोनात लागणारा भाग तेवढाच.

हलका पुश घ्या. वेग सेकंदाला ३ मीटर. दबण्याचं अंतर आलं जवळजवळ १ एम.एम. स्पंज दीडचा असो की सव्वादोनचा, दोन्हींत जागा आहे. फरक फारसा जाणवणार नाही. वेग ५ मीटर करा, अंतर १.६ एम.एम. येतं. इथे दीडचा स्पंज संपला! चेंडू लाकडाला जाऊन भिडतो, आणि हाताला एक कडक ठोका लागतो. २.२ च्या स्पंजमध्ये मात्र अजून जागा शिल्लक आहे. वेग ७ मीटर झाला की अंतर २.२ येतं, तेव्हा कुठे जाड स्पंजही तळाला लागतो.

हे आकडे ढोबळ आहेत हे मान्य. चेंडू स्वतःही दबतो, ब्लेडही वाकतं, स्पंज दाबून कधी शून्य होत नाही, आणि जाड स्पंज मुळात जास्त लवचीक असल्याने त्यावर स्पर्शाचा वेळही थोडा वाढतो. तरी मुद्दा तोच राहतो. हळू खेळात जाडीचा फरक थोडा, मधल्या वेगात सगळ्यात जास्त. आणि ब्लॉक हा मधल्या वेगाचाच फटका आहे.

आता दुसरी बाजू, जी मला सगळ्यात उशिरा समजली. स्पंज फक्त आत दबत नाही, आडवाही ताणला जातो. हाताचा तळवा उशीवर ठेवून बाजूला सरकवून बघा, उशीचा वरचा भाग सरकतो आणि खालचा जागेवर राहतो. उशी जितकी जाड तितका वरचा भाग जास्त सरकतो. समोरून टॉपस्पिन आला की फिरता चेंडू रबराला धरून असाच सरकवतो, आणि सोडताना ताणलेला स्पंज त्याला परत ढकलतो. परिणाम काय? चेंडू बॅटवरून वर उडतो. तुम्ही स्वतः टॉपस्पिन मारताय तेव्हा हे वरदान आहे, कारण तुम्ही घातलेली शक्ती स्पंज साठवून फिरकीच्या रूपात परत देतो. पण तुम्ही नुसता ब्लॉक करताय तेव्हा ती फिरकी समोरच्याची असते, आणि स्पंज तिचाच हिशेब तुमच्याकडून चुकता करतो. पातळ स्पंज ताणला कमी जातो, म्हणून समोरच्याच्या फिरकीकडे लक्षही कमी देतो.

रूममेटचे ब्लॉक लांब का जात होते ते मला इथे कळलं. सहा वर्षं तिने लाकडाला लाकडासारखं वापरलं होतं. मनगट सैल, बॅटचा कोन जवळजवळ उभा. तिच्या हाताला जे उत्तर पाठ होतं ते लाकडाचं होतं, आणि मी तिला गादीवर उभं केलं.

मग आम्ही मोजायला घेतलं. पाकिटावर लिहिलंय तेवढं खरंच असतं का? आधी व्हर्नियर लावलं, तर २.२ ऐवजी १.९ दिसायला लागलं. फसवणूक झाली म्हणून आम्ही दोघी तावातावाने बोलत होतो. लॅबमधल्या मामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "अगं, जबडा दाबताय तुम्ही. स्पंज आहे तो, लोखंड नाही." त्यांनी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप काढून दिला. कडेकडून बघितलं की रबर, दाणे, स्पंज आणि लाकूड असे चारही थर स्वच्छ दिसतात, आणि कशालाही हात लावावा लागत नाही. आला २.१६. म्हणजे कंपनी बरोबर होती, आम्ही चूक. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप नाही त्यांनी निदान कडेला चांगली मोजपट्टी लावावी, पण काही दाबू नये.

मायक्रोस्कोपखाली आम्ही एका सीनियरची जुनी बॅटही ठेवली. तिचा स्पंज फुगलेला होता, रबर कडेला वर वळलेलं. कारण? त्याने ते पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलं होतं. हा उद्योग पूर्वी मोठमोठे खेळाडूही करायचे. त्याला स्पीड ग्लू म्हणायचे. गोंदातलं द्रावण स्पंजच्या छिद्रांत शिरून त्याला फुगवतं आणि ताण देतं, चेंडू सुसाट सुटतो. त्याची वाफ आरोग्याला वाईट म्हणून १ सप्टेंबर २००८ पासून असे गोंद बंद झाले. आता पाण्याचा गोंद वापरायचा. तोही अगदी पातळ थर, कारण तोही त्या चार एम.एम.मध्येच मोजला जातो. मॅक्स स्पंजवर गोंदाचे जाड थर दिलेत तर बॅट नियमाबाहेर जाऊ शकते.

वजनाचंही बघा. रबराचं क्षेत्रफळ साधारण १९० चौरस सें.मी. येतं. स्पंजची घनता पाण्याच्या निम्मी धरली, तर १.५ ऐवजी २.२ घेतल्याने एका बाजूला साडेसहा ग्रॅम वाढतात, दोन्ही बाजूंना तेरा. पूर्ण बॅट पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅमची, त्यात तेरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हे वजन मुठीत नसतं, पुढे डोक्यात असतं. मोमेंट काढून बघा. दिवसाला चार मॅच खेळल्यावर मनगटच सांगतं.

मग कोणी काय घ्यावं? सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. पण विचार करायची दिशा सांगता येते. स्वतःला विचारा, माझे गुण कशावर येतात? टेबलापासून दोन पावलं मागे जाऊन मोठा स्विंग घेऊन लूप मारत असाल, तर २.० च्या वरचा स्पंज तुमचा आहे. पातळ घेतलात तर प्रत्येक फटक्यात लाकूड लागेल आणि फिरकी निम्मी होईल. टेबलाला चिकटून ब्लॉक, पुश आणि संधी मिळाली की सपाट स्मॅश, असा खेळ असेल तर १.५ ते १.८. चॉप करणाऱ्यांना त्याहून पातळ. लाँग पिंपल तर पुष्कळ जण स्पंजशिवायच लावतात. नुकतं शिकायला लागलेल्यांनी १.८ च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, कारण जाड स्पंज चुकाही तितक्याच जोरात परत करतो. दोन्ही बाजूंना एकच जाडी हवी असा कुठलाही नियम नाही. रंग वेगळे हवेत हा आहे : एक बाजू काळी, दुसरी काळी नसलेली आणि चेंडूच्या रंगाहून वेगळी. पूर्वी दुसरी लालच लागायची, २०२१ पासून निळा, हिरवा वगैरेही चालतो.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. जाडीइतकाच कडकपणाही महत्त्वाचा. कडक स्पंज २.१ चा असला तरी तुमच्या हातात जोर नसेल तर तो दबणारच नाही, आणि तुम्ही जाडीचे पैसे देऊन पातळ स्पंज वापरत राहाल. चिनी चिकट रबरांचे स्पंज बहुधा कडक असतात. टीव्हीवर चिनी खेळाडूंना बघून ते घेणाऱ्यांनी आधी त्यांचे पाय बघावेत, बॅट नंतर.

आम्ही शेवटी काय केलं? तिच्या बॅकहँडला १.५ आणि फोरहँडला १.८, दोन्ही मध्यम मऊ. या वेळी निवड तिने केली. आधी दोन आठवडे टीममधल्या सगळ्यांच्या बॅटी मागून घेऊन खेळली, प्रत्येकीची जाडी वहीत लिहिली, ब्लॉक किती आत आणि किती बाहेर याच्या रेघा ओढल्या. मला ते चार वर्षांच्या कोचिंगमध्ये सुचलं नव्हतं. तोडणीचे जे पैसे त्या २.२ मध्ये गेले ते मी परत द्यायला लागले तर ती घेईना. शेवटी नवीन रबरांचं बिल मी भरलं आणि जुनी दोन्ही रबरं माझ्या बॅटवर लावली. मी लूप मारते, मला ती बरी पडतात. पण तिच्यासमोर नाही. परवाच ३-१ ने हरले.

पुढची स्पर्धा जवळ आली आहे. उसात बिबट्या असल्यामुळे अंधार पडल्यावर जिमखान्याकडे फिरकता येत नाही, म्हणून प्रॅक्टिस सकाळी साडेसहाला असते. ज्यांना आपल्या बॅटची जाडी मोजून हवी आहे त्यांनी बुधवारी दुपारी फिजिक्स लॅबमध्ये यावं. मामांची परवानगी घेतली आहे. व्हर्नियर आणू नका.